विषय: कॉलेजच्या मैदानाचा चेक, शुक्रवारच्या आत उत्तर द्या

मंडळी,
कॉलेजच्या देणगी कार्यालयातून आज परत फोन आला. आपलं मिशिगनचं मंडळ देणगी देतंय, ते पैसे नेमके कशासाठी, हे त्यांना पत्रात लिहून हवंय. मीटिंगमध्ये नुसतं "मैदानासाठी" ठरलं होतं. मी "बेसबॉल-सॉफ्टबॉल संकुल" असं लिहितोय. हरकत असेल तर आजच सांगा.
– खजिनदार

---

हरकत आहे. फक्त "सॉफ्टबॉल" लिहा. मुलांच्या बेसबॉलच्या दिव्यांना माजी खेळाडूंनी पैसे दिलेत, मुलींच्या सॉफ्टबॉलच्या बाजूला अजून अंधारच. मी अमरावतीला विद्यापीठाकडून खेळायचे तेव्हा चुन्याच्या रेघा आम्हीच मारायचो आणि ग्लोव्ह आळीपाळीने वापरायचो. माझ्या मुलीच्या वाट्याला तरी ते नको.
– कँटनहून

---

ताई, 1972च्या टायटल नाइन या अमेरिकन कायद्यानुसार कॉलेजात मुलामुलींच्या सोयी एकंदरीत समान लागतात. "पैसा देणगीदाराचा होता" ही सबब कॉलेजला चालत नाही. मुलांना देणगीतून दिवे मिळाले, तर मुलींचं कॉलेजने स्वतःच्या खिशातून बघायचं. आपण "सॉफ्टबॉल" लिहिलं तर तेवढेच पैसे कॉलेज तिथून काढून घेईल, ही माझी भीती. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात, न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल टीमचे तेव्हाचे मालक फ्रेड विल्पॉन यांनी देणगी दिली ती दोन्ही खेळांच्या संकुलाला. तसंच करू.
– ट्रॉयहून

---

अ‍ॅन आर्बरचं नाव निघालं म्हणून. 2005ला सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय कॉलेज फायनलमध्ये मिशिगनच्या मुलींनी कॅलिफोर्नियाच्या यूसीएलएला दहाव्या इनिंगमध्ये 4-1 हरवलं, कॅरल हचिन्स कोच. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडची ती पहिली विजेती टीम! आमच्या हॉलमध्ये सगळे उभे राहून ओरडत होते.
– नोव्हायचे काका

---

क्रीडा समितीला कुणी विचारलं का? जूनच्या स्पोर्ट्स डेला मैदान फुकट मिळेल, हे पत्रात घाला. शक्यतो बेसबॉलचं, मोठं आहे.

---

बेसबॉलच्या मधोमध 10 इंच उंच माउंड, म्हणजे बॉल टाकायचा उंचवटा असतो. लिंबू-चमचा, रस्सीखेच त्यावर कशी घेणार? सॉफ्टबॉलचं मैदान सपाट. बेसमधलं अंतरही 60 फूट, बेसबॉलचं 90. लहान मुलांना तेच बरं.
– कँटनहून

---

मैदानाची अट घालणार नाही. आपल्या काही घरांचे कॉलेजच्या नावाचे चेक याच पत्रासोबत जातायत. देणगी 75 डॉलरच्या वर असेल आणि मोबदला (इथे फुकट मैदान) मिळणार असेल, तर त्याची किंमत कॉलेजला लेखी कळवावी लागते. तेवढी रक्कम करसवलतीतून वजा होते. स्पोर्ट्स डेचं भाडं वेगळ्या चेकने, आणि ते क्रीडा समितीच ठरवेल.
– खजिनदार

---

मग असं लिहा: "सॉफ्टबॉलच्या दिव्यांसाठी, कॉलेजने ठरवलेल्या खर्चात भर म्हणून." ट्रॉयच्या भाऊंची भीतीही त्यात येते. "भर" हा शब्द मात्र गाळू नका, आणि पोच आल्यावर इथे कळवा.
– कँटनहून

---

मला हे मान्य. पोचपावतीत "भर" आला नाही तर कॉलेजला फोन मी करतो.
– ट्रॉयहून