खरखरीसकट ऐकलेली गाणी : तुमचे अनुभव

माळा आवरताना जुना टेपरेकॉर्डर सापडला. सेल घातले, प्ले दाबलं. गाणं नाहीच, नुसती घर्रर्र. आणि मी थेट २००३ सालच्या, अमेरिकेत ऑस्टिनमधल्या खोलीवर.

रूममेट रात्री 'माउंटन गोट्स' नावाचा अमेरिकन बँड लावायचा. एक माणूस, एक गिटार आणि मागे मोटर फिरल्याचा आवाज. म्हटलं, अरे, तुझी सीडी गेलीय. तो हसत सुटला. 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' (२००२) हा अल्बमच पॅनासॉनिकच्या घरगुती टेपवर केलाय, घरघर त्या टेपचीच. आठवडाभर वैतागलो. मग स्वच्छ रेकॉर्डिंगच अळणी लागायला लागलं.

तुम्ही ऐकता का असलं? लिहा.

रातकिडा: अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' अल्बम, १९८२! घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर केलेला. बँडला घेऊन परत करून पाहिलं, जमेना. शेवटी तीच कॅसेट बाहेर आली. तोवर ती डबीशिवाय खिशात घेऊन फिरायचा. आमच्याकडे डबी हरवली तर बाबांनी घराबाहेर काढलं असतं.

फोडणीवाली: घाईत लिहितेय, दूध ठेवलंय. आजीच्या ओव्या फोनवर घेतल्या होत्या, मधे कुकरच्या तीन शिट्ट्या. भावाने कुठल्याशा ॲपने शिट्ट्या काढल्या तर आजीचा आवाज डब्यात बसल्यासारखा झाला. मूळ फाइल ठेवलीय हो. आजी गेली मार्चमध्ये.

रातकिडा: अरेरे. ती फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा.

स्पष्टवक्ता: मला नाही झेपत. सूर लागत नाही त्याला गाणं म्हणायचं का?

कोपऱ्यातला: @स्पष्टवक्ता, डॅनियल जॉन्स्टन हा अमेरिकन गायक ऐका. सूर नाहीच लागत. पण सुरुवातीला कॅसेटची कॉपी काढायची सोय नव्हती म्हणून मागेल त्याच्यासाठी अख्खा अल्बम परत गायचा. आता बोला.

स्पष्टवक्ता: बरं. ऐकतो. (कौतुक गाण्याचं करायचं की चिकाटीचं, ते नंतर.)

चहाबाज: मी लावलं तर बायको म्हणाली, पंख्याला तेल घाला 😂

जुनाखेळाडू: धागाकर्ते, टेपचा बेल्ट सैल झाला असेल. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळेल. बदललात की घरघर बंद.

धागाकर्ता: अर्रर्र. मग राहू दे.

चहाबाज: तपकीर गल्लीत गाडी घेऊन जाऊ नका पण. मागे तासभर अडकलो होतो.

फोडणीवाली: गेलं दूध.