नाशिक ते कोपरगाव, गोदावरीतून कयाकने: कुणी केलंय का?

डिसेंबरात तीन रात्रींचा बेत आहे. मी आणि मेव्हणा, हवा भरायचे दोन कयाक, एक तंबू. सराव गंगापूर धरणात झालाय. सोमेश्वरच्या धबधब्याखाली उतरायचं म्हणतोय. मुक्काम कुठे करावा? बायकोचा एकच प्रश्न: बिबट्याचं काय?

सायखेडेकर:
सोमेश्वरहून निघालात तर रामकुंडाला कयाक डोक्यावर घेऊन चालाल, लोक फोटो काढतील. शहर संपल्यावरच उतरा. खरा वैताग पाणवेलींचा. मागच्या हिवाळ्यात सायखेड्याच्या पुलाच्या अलीकडे रुतलो. वल्हं उचललं की काळ्या मुळांचा गठ्ठा वर, त्यातून चिखल मांडीवर. दोनशे मीटरला दीड तास! शेवटी काठावरच्या एका दादांनी मोटारीचा दोर फेकला. आधी पुलांवरून पात्र बघून या.

काठावरचा:
नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, २०२० साली जाहीर झालेलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा). थंडीत पाहुणे पक्षी असतात, तिथे कयाक घालूच नका. अलीकडेच बाहेर काढा, छोटा हत्ती सांगून बंधाऱ्याखाली उतरा. पाणी किती सोडलंय ते पाटबंधारेवाल्यांना विचारा. उसाच्या फडालगत तंबू नको, बिबट्या तिथेच. गावात विचारून देवळाच्या ओसरीवर झोपा.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार. रविवारी बाईकवरून पूल बघतो. मेव्हणा म्हणतो, पाणवेलींपेक्षा बिबट्या परवडला. बायकोला हे सांगितलेलं नाही.