एक दाणा म्हणजे एक लाख: संरक्षण खर्च मांडवात मांडता येईल का? (तराजू, मुठेकाठी, जमाखर्च आणि कसबेकर या नावांनी झालेली चर्चा)

तराजू: 2025-26 चं केंद्राचं संरक्षण अंदाजपत्रक 6,81,210 कोटींचं. पेठेत कुणालाही विचारा, 'बापरे' यापलीकडे उत्तर येत नाही. म्हणून गणपतीच्या देखाव्यासाठी सुचवतो: तांदळाचा एक दाणा = एक लाख रुपये.

हजार दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर तोला. 20 ग्रॅम भरले तर किलोत 50,000 दाणे, म्हणजे किलोला 500 कोटी आणि 50 किलोच्या पोत्यात 25,000 कोटी. संरक्षणाची पोती सव्वासत्तावीस. शेजारी पुणे महापालिकेचं त्याच वर्षाचं 12,618 कोटींचं अंदाजपत्रक: अर्धं पोतं. साठ लाखांचा फ्लॅट: साठ दाणे, बशीत.

कोलम आणि बासमतीचं हजारी वजन सारखं नसतं, त्यामुळे जो तांदूळ आणाल तोच तोला. कणी आधी चाळून काढा. भाद्रपदात तांदूळ ओल धरतो, तेव्हा तोलणं आणि पोती भरणं एकाच दिवशी उरका. आणि पोती थप्पीला लावू नका, थप्पीत आकार लपतो. एका ओळीत ठेवा, एक तरी तोंड उघडून.

मुठेकाठी: हे अर्धसत्य झालं. त्याच अंदाजपत्रकात व्याजापोटी 12.76 लाख कोटी आहेत, म्हणजे 51 पोती. एकूण 50.65 लाख कोटी, म्हणजे 203 पोती. ती लपवून 27 च दाखवलीत तर तो प्रचार. शिवाय पालिका सैन्य पोसत नाही आणि केंद्र तुमच्या गल्लीतले खड्डे बुजवत नाही. ही कसली तुलना?

तराजू: व्याजाचा मुद्दा मान्य, 51 पोती शेजारी हवीतच. पण 203 पोती नारायण पेठेतल्या मांडवात? दाणा दहा लाखांचा केला तर सगळं वीस पोत्यांत बसतं, पण फ्लॅटचे दाणे उरतात सहा. बशी रिकामीच दिसेल. पालिका ठेवणारच. ती तुलना कामांची नाही, मापाची आहे. पालिकेचा आकडा पुणेकराच्या कानावरचा आहे.

जमाखर्च: 27 पोती एकाच रंगाची ठेवलीत तर लोकांना सगळी विमानं आणि तोफाच वाटणार. चार चिठ्ठ्या लावा. सेनादलांचा महसुली खर्च (पगार, इंधन, दारूगोळा, देखभाल) साडेबारा पोती, भांडवली (नवी विमानं, तोफा अशी खरेदी) सव्वासात, निवृत्तिवेतन जवळजवळ साडेसहा, उरलेलं एक पोतं आणि वर थोडं संरक्षण खात्याच्याच नागरी आस्थापनांचं. बीएसएफ यात नाही, ते गृहखात्याकडे.

राफेल लढाऊ विमानांची पोती मांडायची असतील तर विशेष जपा. 2016 चा करार 36 विमानांचा, सुमारे 59,000 कोटींचा. सरळ भागाकार करून 'एक विमान 1,639 कोटी' लिहिलंत की चुकलात. त्यात शस्त्रं, सुटे भाग, देखभालही आहे, आणि पैसे एका वर्षात गेलेले नाहीत.

कसबेकर: एवढा खटाटोप कशाला? जीडीपीच्या 1.9 टक्के म्हणा, संपलं.

तराजू: कशाच्या 1.9 टक्के? 357 लाख कोटींच्या. तो आकडा तरी कुणाला दिसतो? त्यापेक्षा रोजचा हिशोब सांगा: 1,866 कोटी. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला 11,420 कोटींना, म्हणजे सहा दिवसांचा संरक्षण खर्च.

मुठेकाठी: पुन्हा तेच! मेट्रो एकदाच बांधायची, पगार दरमहा द्यायचा. तुलना करायचीच तर मेट्रोच्या वर्षाच्या चालवण्याच्या खर्चाशी करा.

तराजू: भांडवली पोत्यांशी तरी चालेल? 1.80 लाख कोटी भागिले 11,420 केलं की पंधरा-सोळा मेट्रो, दरवर्षी.

मुठेकाठी: हे चालेल. पण चिठ्ठीवर 'फक्त भांडवली' असं ठळक लिहा.

कसबेकर: आणि संरक्षणाच्या पोत्यांतल्या 1,360 किलो तांदळाचे पैसे कोण देणार?

जमाखर्च: किलोला साठ धरले तर 81,600. तुमच्याच मापाने एक दाणासुद्धा भरत नाही.