परतफेडीची आशा न धरता प्रीती: मनातली आस गेली नाही तर?

सांजदिवा

नमस्कार मंडळी. प्रश्न विश्वासाचा आहे, म्हणून इथे विचारते.

सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं मी करते. अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्यासाठी रात्रीही गजर लावते. त्यांची वाचा शाबूत आहे. भेटायला कुणी आलं की त्या धाकट्या सुनेचं कौतुक करतात, ती फोनवर किती गोड बोलते, किती जीव लावते. मी तिथेच चादर ओढत असते. माझं नाव निघत नाही. धाकटीवर माझा मुळीच राग नाही. पण कुणी आलं की माझे कान तिकडेच लागलेले असतात, हे खरं.

उपासनेत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय वाचला. त्यात येशू म्हणतो, जे तुमच्यावर प्रीती करतात त्यांच्यावरच प्रीती केलीत तर त्यात विशेष काय, पापी लोकही तेवढं करतातच. परत मिळण्याची आशा न धरता द्या. सेवा मी सोडणार नाही, तो प्रश्नच नाही. विचारायचं ते हे, की मनात ही आस असताना मी जे करते त्याला ख्रिस्ताने सांगितलेली प्रीती म्हणता येईल का? आणि त्याच वचनात पुढे मोठं प्रतिफळ मिळेल असंही आहे. मग तीही अपेक्षाच झाली ना?

‘सगळं देवावर सोडा’ एवढंच सांगून बोळवण करू नका, ही विनंती.

पाऊलवाट

ताई, तुम्ही करताय ते सोपं नाही. तरी मला वाटतं ते लिहितो. अपेक्षा नसेल तर दुःखही होऊ नये. दुःख होतंय म्हणजे आत कुठेतरी हिशेब चालू आहे. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की प्रीती स्वार्थ पाहत नाही, अपकार स्मरत नाही. तो हिशेब प्रार्थनेत प्रभूच्या पायाशी ठेवा.

पैलतीर

पाऊलवाट, दुःख होतं म्हणजे हिशेब चालू आहे, हे मला मान्य नाही. ज्या पौलाने तो १३वा अध्याय लिहिला, त्यानेच त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात (१२:१५) विचारलंय, की मी तुमच्यावर जास्त प्रीती करतो म्हणून तुम्ही माझ्यावर कमी करायची का? दुखावलेल्या माणसाचाच प्रश्न आहे हा. आणि त्याच वचनात तो म्हणतो, तुमच्यासाठी मी आनंदाने खर्च करीन, स्वतःही खर्ची पडेन. दुखलं, पण हात आखडला नाही.

लूक १७ बघा. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ असं येशूने विचारलं. म्हणजे त्याच्या लक्षात आलं होतं. पण त्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. सांजदिवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. कान तिकडे लागतात, लागू देत. चांगला शब्द आला नाही म्हणून तुम्ही रात्रीचा गजर बंद केलात का? नाही ना?

माझे यजमान स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. मी त्यांची बायको आहे हे आता त्यांना कळत नाही. नखं कापताना ते हात अगदी विश्वासाने पुढे करतात आणि झालं की म्हणतात, “ताई, तुम्हाला उगाच त्रास.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अजूनही कधी कधी रडते. ते रडणं देवाला अमान्य असेल असं मला एकदाही वाटलं नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याने आपल्याला ओळखावं, असं वाटणारच. आपला मित्र लाझार याच्या कबरेपाशी येशूही रडला.

आता प्रतिफळाचं. लूक १४ मध्ये येशू म्हणतो, मेजवानीला गरीब, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलवा, कारण त्यांच्याकडे परत द्यायला काही नाही. तुमची फेड नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी होईल. फेड होणार आहे, पण ती पाहुण्याने करायची नाहीये. तो जेवून निघाला की मोकळा. सासूबाईही तशाच मोकळ्या. आणि लूक ६:३५ पूर्ण वाचलंत तर प्रतिफळाला लागूनच येतं, की तुम्ही परात्पराचे, म्हणजे देवाचे, पुत्र व्हाल, कारण तो कृतघ्नांवरही दया करतो. माझ्या समजुतीप्रमाणे मोठं प्रतिफळ ते हेच, बापासारखं होत जाणं. मजुरी म्हणून हातावर ठेवता येईल अशी ती गोष्टच नाही.

उंबरठा

पैलतीरताईंशी सहमत. एकच भर घालतो. मोबदल्याची आशा धरू नका हे तुम्हाला सांगितलंय, याचा अर्थ घरातल्या बाकीच्यांना सूट मिळाली असा होत नाही. एकमेकांची ओझी वाहा, ही आज्ञा सगळ्यांना आहे (गलती ६:२). वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने तिघा शिष्यांना स्पष्ट सांगितलं, इथे थांबा, माझ्यासोबत जागे राहा. ते झोपले, तरी त्याने मागितलं होतं. मदत मागणं वेगळं आणि मोबदला मागणं वेगळं. तुमच्या लिहिण्यात रात्रीच्या गजरासोबत दुसऱ्या कुणाचं नावच नाही, ते मला खटकलं. यजमान उठतात का?

पाऊलवाट

पैलतीर, दुसऱ्या पत्रातलं ते वचन माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. पटलं. तरी मनातल्या कडवटपणावर लक्ष ठेवावं असं मला अजून वाटतं. दुःखाचं रूपांतर कडवटपणात कधी होतं, ते आपल्याला कळतही नाही.

सांजदिवा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, कडवटपणाचं अगदी बरोबर आहे, त्यासाठी प्रार्थना चालूच आहे. पैलतीरताई, तुमचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. प्रतिफळाबद्दल मला अजून विचार करायचाय, पण सासूबाई माझं काही देणं लागत नाहीत, हे आज नीट समजलं.

उंबरठा, यजमान उठत नाहीत, कारण मी कधी सांगितलंच नाही. पहाटेचा गजर आजपासून त्यांच्या फोनवर लावते. आणि धाकटीलाही लिहिते, पुढच्या सुट्टीत काही दिवस इथे येऊन राहा म्हणून. आईंना तिचा फोन एवढा आवडतो, ती स्वतः आली तर किती आवडेल.