प्रतिसाद: मुंडगोड बघून या एकदा
वर एकांनी लिहिलंय की निर्वासितांना आधी समुपदेशन द्या, बाकीचं नंतर. मला उलटं वाटतं. आमच्या बेळगावपासून मुंडगोड काय फार लांब नाही, तिथं १९६६ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, कसायला जमीन मिळाली, शाळा निघाल्या, तिबेटातले गांदेन नि ड्रेपुंग हे बौद्ध मठ इथं पुन्हा उभे केले, म्हणजे काम, सणवार, भाषा, आपली माणसं सगळं एका जागी, हाच निम्मा इलाज की! थंडीत स्वेटर विकायला बसणाऱ्या मावशी बघा, गिऱ्हाइकाशी हिंदीत घासाघीस नि शेजारणीशी तिबेटीत गप्पा (भाव करण्यात आपणच हरतो ते वेगळं).

पण म्हणून डॉक्टर नकोच असं नाही हां. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं युद्धग्रस्त भागात साधारण पाचातल्या एकाला मानसिक आजार असतो. झोप उडणं, दचकून उठणं, कशात मन न लागणं थांबतच नसेल तर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा, कन्नड मराठी दोन्ही चालतं. आणि 'तिकडं काय काय झालं सांगा' म्हणून खोदून विचारू नका राव, आपणहून बोलले तर ऐका, नाहीतर चहा पाजा नि त्यांचं कागदपत्रांचं काम आधी मार्गी लावा.