मदत हवी आहे: स्ट्रिक्ट टाइप्स लावूनही इफ सैलच!

राम राम मंडळी. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी शेतकऱ्याची पट्टी काढायचा छोटा प्रोग्राम लिहिलाय, पीएचपी 8 मध्ये. मालाच्या नावात 'संत्रा' सापडलं की संत्र्याचा हिशेब लावायचा, एवढीच अट. 'नागपुरी संत्रा' बरोबर ओळखतो, 'संत्रा आंबिया' (आंबिया बहाराचा) म्हटलं की संत्राच नाही म्हणतो! दिवसभराचा आंबिया 'इतर'मध्ये गेला. दिवाणजी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन तासांनी कळलं. स्ट्रपॉस (शोधायचं फंक्शन) शब्द कुठे सापडला ती जागा सांगतो, नसेल तर फॉल्स. 'नागपुरी संत्रा'त ती जागा 22 (बाइट मोजतो ना, आपलं एकेक चिन्ह 3 बाइटचं), पण शब्द सुरुवातीलाच असला तर 0, आणि इफला 0 म्हणजे फॉल्सच. '!== फॉल्स' लिहिल्यावर सुटलं.

पण फाइलीत वरच स्ट्रिक्ट_टाइप्स=1 (टाइप कडक तपासायची ओळ) आहे हो! तरी इफने 22 काय, 0 काय, मुकाट गिळलं. शिवाय हमाली माफ म्हणून रकान्यात 0 भरला, तर एम्प्टी (रिकामं आहे का ते पाहणारं) त्याला रिकामा म्हणतो. आम्ही तिघं कोड लिहितो. 'तीन बरोबर टाक बाप्पा' (===, म्हणजे टाइपसकट तुलना) असं प्रत्येकाच्या मागे किती फिरू? इफमध्ये बूलियन (ट्रू/फॉल्स) सोडून काही आलं की तिथंच अडवेल, असं काही आहे का?

उत्तर 1
भाऊ, ती ओळ मुख्यतः फंक्शनला दिलेल्या आणि त्यातून परतणाऱ्या साध्या मूल्यांपुरती. इफ आणि == (सैल तुलना) तिच्या हद्दीत येतच नाहीत. बाहेरून पीएचपीस्टॅन (कोड न चालवताच चुका शोधणारं टूल) लावा, सोबत त्याचं स्ट्रिक्ट-रूल्स पॅकेज. इफमध्ये आकडा दिसला की ओरडतं, ==, एम्प्टी आणि तिसरं ट्रू न दिलेला इन_ॲरे (यादीत शोधणारा) यांनाही सोडत नाही. जुना कोड फार ओरडला तर बेसलाइन (जुन्या चुकांची यादी) काढून ठेवा, नव्या चुका तेवढ्या दिसतील. संत्र्यासाठी स्ट्र_कंटेन्स वापरा, तो बूलियनच देतो.

उत्तर 2
स्विचही आतून सैल तुलनाच करतो बरं. त्याच्याऐवजीचा मॅच कडक आहे.

धागाकर्ता
लावलं. सगळ्यात जास्त ओरडा माझ्याच फाइलीत, दिवाणजींना सांगू नका. हमालीचं मात्र अडलंय. एम्प्टी काढून '=== 0' लिहिलं, तर कधीच जुळत नाही.

उत्तर 1
फॉर्ममधून येणारं सगळं स्ट्रिंगच असतं, आकडा नव्हे. रिकाम्या रकान्यासाठी "=== ''" तपासा, माफीसाठी "=== '0'".