पाच तासांचं दशावतारी नाटक आणि अडखळणारा प्रीमियर: फाइली कशात बदलून घेऊ?

आंबोळी:
नमस्कार मंडळी. गावच्या जत्रेतलं (मालवण तालुका) दशावतारी नाटक यंदा गणपतीच्या प्रवेशापासून पहाटेपर्यंत अख्खं शूट केलं. समोर ट्रायपॉडवर मिररलेस कॅमेरा आणि पेटी-मृदंगवाल्यांच्या बाजूने भावाचा फोन. आता एडिटिंगला बसले तर रडायची वेळ आली आहे.

लॅपटॉप रायझन ५ ५६००एच, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड. सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो. कॅमेऱ्याच्या फाइली फोरके, २५ फ्रेम, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), ४:२:२ १०-बिट, १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). पाच तासांचे मिळून २२५ जीबी. प्ले दाबलं की नाटकातला संकासुर एक पाऊल टाकतो आणि थिजतो, आवाज आपला पुढे निघून जातो. प्लेबॅक रिझोल्यूशन पाव करून पाहिलं, काडीचाही फरक नाही. गेम याच लॅपटॉपवर मस्त पळतात, त्यामुळे चीड जास्त.

फाइली कन्व्हर्ट कराव्यात असं सगळे म्हणतात. पण कशात? क्वालिटी जाईल का? शिवाय फोनचा व्हिडिओ सुरुवातीला जुळतो आणि तासाभराने झांज आधी वाजते, हात मागून येतो. त्याचं काय करायचं?

घाटमाथा:
सरळ सगळं प्रोरेस ४२२ मध्ये, म्हणजे एडिटिंगला सोप्या फॉर्मॅटमध्ये काढा. शटर एनकोडर हे फाइली बदलणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, फाइली ओढून टाका, प्रोरेस निवडा, बटण दाबा. मी कायम हेच करतो.

कातरवेळ:
घाटमाथा, तुमच्या दहा मिनिटांच्या क्लिपांना ते चालतं. इथे हिशोब करा. फोरके २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ म्हणजे साधारण ४९२ एमबीपीएस, तासाला २२१ जीबी. पाच तासांचे १.१ टीबी! ताईंच्या लॅपटॉपात कुठे मावणार?

आंबोळीताई, आधी दुखणं कुठे आहे ते सांगतो. एच.२६५ ची फाइल म्हणजे दुकानदाराची अशी वही, ज्यात शिल्लक मधूनमधूनच लिहिलेली असते आणि बाकी पानांवर नुसतं आलं-गेलं. एखाद्या दिवशी गल्ल्यात किती होते हे हवं असेल तर मागच्या शिल्लकेपासून बेरीज करत यावं लागतं. तुम्ही टाइमलाइनवर जिथे बोट ठेवाल तिथे लॅपटॉप ही बेरीज करतो, तीही फोरकेची. प्लेबॅक पाव केलात तरी बेरीज पूर्णच होते, म्हणून फरक पडला नाही. प्रोरेस किंवा त्याच जातीच्या डीएनएक्सएचआरमध्ये रोजची शिल्लक रोज लिहिलेली. वही जाडजूड होते, पण कुठलंही पान उघडा, उत्तर तयार.

दुसरं म्हणजे ४:२:२, म्हणजे रंगांची माहिती किती साठवली ते; ४:२:० मध्ये ती कमी असते. तुमचं ३०५० कार्ड ४:२:० चं एच.२६५ उलगडतं, ४:२:२ चं नाही. एनव्हिडियाने ४:२:२ ची सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ती ११व्या पिढीपासून आहे. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे सगळा भार सीपीयूवर. गेमशी याचा काही संबंध नाही.

तेव्हा मूळ फाइलींना हात लावू नका. प्रॉक्सी करा, म्हणजे कापाकापीपुरत्या हलक्या प्रती. प्रीमियरमध्ये सगळ्या क्लिपा निवडून राइट-क्लिक, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. १९२०×१०८०, प्रोरेस ४२२ प्रॉक्सी. २५ फ्रेमला ३८ एमबीपीएसच्या आसपास पडतं, तासाला १७ जीबी, पाच तासांचे ८५-८६. हे आतल्या एसएसडीवर, मूळ फाइली बाहेरच्या डिस्कवर. कापाकापी प्रॉक्सीवर होईल, शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलींतून. त्यामुळे क्वालिटीचा प्रश्नच येत नाही. (आणि कन्व्हर्ट करून क्वालिटी वाढते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.)

घाटमाथा:
मान्य. पाच तास हे मी वाचलंच नव्हतं. पण रंगकाम जड असेल तर निवडक तुकडे तरी पूर्ण प्रोरेसमध्ये काढावेत, प्रॉक्सीवर रंगांचा नेमका अंदाज येत नाही.

पायपेटी:
फोनबद्दल मी सांगते, हे मी भोगलंय. फोन फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाही. उजेड कमी झाला की ३० चे २४ करतो, पुन्हा वर जातो. एडिटिंग सॉफ्टवेअरचा त्यात गोंधळ होतो. फोनची फाइल आधी हँडब्रेक या फाइली बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि खाली 'कॉन्स्टंट' निवडा. तिथे आपोआप 'पीक' (म्हणजे जास्तीत जास्त ३०, कमी चालेल) निवडलेलं असतं, तेच राहिलं तर सगळी मेहनत वाया. कॉन्स्टंट केलेली फाइल हीच तुमची मूळ फाइल समजा.

तरीही दोन यंत्रांची घड्याळं पाच तास तंतोतंत चालत नाहीत. दर प्रवेशाला फोनची क्लिप कापून नव्याने जुळवा. क्लॅपची गरज नाही, झांजेचा ठोका दोन्हीकडच्या वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) सुळक्यासारखा दिसतो.

आंबोळी:
रात्री साडेदहाला लावून झोपले, सकाळी सव्वासातला संपलं होतं. पंख्याच्या आवाजाने आई दोनदा उठून बघून गेली. पण दोन अडचणी. एक, प्रॉक्सी तयार होऊनही प्रीमियर तसाच अडखळतो. दोन, तीन क्लिपांना प्रॉक्सी जोडताना ऑडिओ चॅनल जुळत नाहीत अशी तक्रार येते.

कातरवेळ:
पहिली सगळ्यांनाच येते. प्रॉक्सी तयार असतात, पण वापरात नसतात. प्रोग्रॅम मॉनिटरच्या खाली उजवीकडे अधिकचं चिन्ह आहे, त्यातून 'टॉगल प्रॉक्सीज' हे बटण ओढून खालच्या पट्टीत आणा आणि दाबा. निळं झालं की चालू.

त्या तीन क्लिपांत बाहेरचा माइक चार चॅनलवर घेतला होता का? प्रॉक्सीत तेवढेच चॅनल लागतात. त्या तिघांची प्रॉक्सी चार चॅनल ठेवून पुन्हा काढा.

आंबोळी:
हो! मध्यंतरानंतर भावाने रेकॉर्डर कॅमेऱ्याला जोडला होता, विसरलेच. बटण निळं केलं आणि संकासुर एकदाचा मंचभर नाचला. फोनची पहिली क्लिपही झांजेवर बसवली. आता फक्त कापायचं काय ते ठरवायचंय, आणि गावाकडून सगळ्यांचं एकच म्हणणं आहे की काहीच कापू नकोस.

पायपेटी:
मग गावासाठी अख्खं आणि बाकीच्यांसाठी चाळीस मिनिटांचं, अशा दोन टाइमलाइन करा. आणि एक्सपोर्टच्या वेळी 'यूज प्रॉक्सीज'वर टिक नाही ना, तेवढं बघा. पाच तास एक्सपोर्ट करून धुरकट नाटक हाती आलं की जेवण जात नाही, स्वानुभव.